चिवट माणूस

पोटासाठी जोडे शिवणारा एक इंग्रज पुढे मराठीचे व्याकरण लिहितो, ते बंगालात छापून निघते, आणि त्याने जन्मात कधी महाराष्ट्रात पाऊल टाकलेले नसते! प्रथम वाचले तेव्हा मला याची नुसती गंमत वाटली होती. पण पुढे त्या विल्यम कॅरेने माझी पाठ सोडली नाही.

कॅरे १७९३ साली कलकत्त्यास उतरला आणि १८३४ मध्ये श्रीरामपुरास वारला. (आपल्या नगरकडचे नव्हे, हुगळीकाठचे, तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखालचे.) मधल्या एक्केचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही. पहिली सात वर्षे उपदेश करूनही एक बंगाली माणूस त्याच्या धर्मात आला नाही. १८०० च्या डिसेंबरात पहिला आला, तो कृष्ण पाल नावाचा सुतार. तोही आधी निखळलेला खांदा बसवून घ्यायला आलेला!

पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. पगार चांगला होता. तो जवळजवळ सगळा मिशनच्या सामाईक पेटीत जाई. वैजनाथ पंडितांना हाताशी धरून त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण काढले, १८१० साली कोश काढला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. तो मला पटत नाही. पण म्हणून त्याचा कोश विटाळला असे मानण्याइतका मी सोवळा नाही.

११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कागद, टाइप, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते, सारे गेले. कॅरे कलकत्त्यात होता. तो आला, राख पाहिली, आणि थोड्याच दिवसांत वितळलेल्या शिशाचे नवे टाइप पडू लागले. पंडित पुन्हा भाषांतराला बसले. आपण भाविक माणसे देवाला नारळ देतो, वेळ उरला तर सेवाही देतो. या गृहस्थाने धातू, प्रत्यय आणि मुद्रिते दिली, म्हणजे ज्याला कोणी हार घालत नाही असे रोजचे काम. आपल्या अंगी एकच गुण आहे, नेटाने रेटत राहण्याचा, असे तो स्वतः सांगे.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर मजुरांची मुले शिकायला येतात. बाराखडीत रुतलेले एखादे पोर तिसऱ्या महिन्यातही ‘ख’ला ‘रव’ म्हणते, तेव्हा मला ती सात वर्षे आठवतात.

हे सारे मी एकदा रंगात येऊन घरात सांगत होतो. सौ. शेंगा निवडत होती. ती म्हणाली, “अहो, आणि त्याची बायको?”

डोरोथी. ती यायला तयारच नव्हती. बहीण सोबत येते म्हटल्यावर कशीबशी निघाली. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि तिचे मन कायमचे ढळले. १८०७ मध्ये ती वारली. तोवर एका खोलीत ती, आणि त्याच घरात याचे भाषांतर. वेड्यांच्या इस्पितळात मात्र त्याने तिला टाकले नाही.

“त्याने मन ओतलं, पण तिचं कोणी विचारलं का?” सौ. म्हणाली.

यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही. कॅरेचा मोठेपणा त्याने कमी होतो असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या कामाचा जमाखर्च मांडताना डोरोथीचे नाव खर्चाच्या बाजूला, आणि तेही सर्वांत वर लिहावे, एवढे मी सौ.कडून शिकलो आहे.