शेपटीवरून ओळखलेल्या गाड्या

लाल फेरारी आली की गर्दी तिच्याभोवती जमते. मोबाइल वर होतात, बाप पोरांना खांद्यावर घेतात. इटलीतल्या ब्रेशा शहरात, पियात्सा व्हित्तोरियाच्या दगडी फरशीवर मिले मिलिया या जुन्या गाड्यांच्या शर्यतीसाठी गाड्यांची तपासणी चालू असते, तेव्हा मी मात्र दुसऱ्याच घोळक्यात रमतो. तिथे माणसं थोडी आणि त्यातलीही बरीचशी वाकलेली. कुणी गुडघ्यावर, तर कुणी चक्क पालथा, गाल जवळजवळ फरशीला टेकलेला. गाडीच्या पोटाखालची नळी गोल आहे की लंबगोल, एवढंच त्याला बघायचं असतं. लंबगोल निघाली, तर सांगाडा मिलानच्या जिल्को कारखान्याचा असण्याची दाट शक्यता. मग हातभर लांबीच्या त्या नळीवर अर्धा तास सहज जातो.

समोरची गाडी कमरेच्या वर येत नाही. स्तांग्वेल्लिनी, सियाता, मोरेत्ती, एर्मिनी, जाउर, बांदिनी, नार्दी. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत गल्लीबोळांतल्या कारखान्यांतून अशा चिमुकल्या शर्यतगाड्या निघाल्या, ७५० आणि ११०० सीसीच्या गटांत धावल्या, जिंकल्या, आपटल्या, विकल्या गेल्या. खिशात पैसा नाही, पोलाद मिळायची मारामार, आणि वेगाची हौस तर जराही कमी झालेली नाही. मग घरगुती फियाटचं इंजिन घ्यायचं, गिअरबॉक्सही तिचाच, नळ्या जोडून सांगाडा उभारायचा आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून चढवायचा. हाताने ठोकलेला तो पत्रा डाव्या आणि उजव्या बाजूला कधीच तंतोतंत जुळत नाही. मला तर ही न जुळणारी बाजूच आधी शोधावीशी वाटते.

म्हणूनच या गाड्या ओळखणं अवघड, आणि त्यातच खरी गंमत. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत नाकं सगळ्यांची सारखीच, बिल्ला असलाच तर धुळीने माखलेला. मग पाहायचं कुठे? दाराच्या बिजागरीकडे. मडगार्डच्या मागे गरम हवा बाहेर सोडणाऱ्या फटींकडे. रिव्हेटांच्या ओळीकडे. आणि सगळ्यात जास्त शेपटीकडे, कारण पत्रा ठोकणारा कारागीर समोरच्या जाळीत दुसऱ्याची नक्कल करील, पण शेपूट स्वतःच्याच सवयीने वळवतो. निदान या घोळक्यातल्या जुन्या जाणत्यांचं मत असं, आणि मला ते पटतं.

आणखी एक वाट आकड्याची. मूळच्या मिले मिलियात १९४९ पासून गाडीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिची सुटण्याची वेळ असे. स्टर्लिंग मॉसने १९५५ साली शर्यत जिंकली ती मर्सिडीज ७२२, म्हणजे सकाळी सात बावीसला निघालेली. छोट्या गाड्यांना मात्र आदल्या रात्रीच निघावं लागे, मोठ्या भावंडांनी वाटेत गाठायच्या आत. तेव्हा आकडा वाचता आला, की वेळ कळली. वेळेवरून यादीतला चालक सापडला. चालकावरून गाडी. फक्त फोटोत आकड्याच्या नेमक्या शेवटच्या घरावर कुणीतरी टोपीवाला उभा असतो!

या सगळ्या कुंडल्या मांडताना एक संख्या राहून राहून येते: १०८९. फियाट ११०० च्या इंजिनाचे घन सेंटिमीटर. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. तूरिनच्या पिएरो दुसिओने चिसितालिया डी४६ ही शर्यतगाडी काढली तेव्हा आराखडा फियाटच्याच दान्ते जाकोसाचा होता आणि इंजिन हेच. मूळ बत्तीसेक अश्वशक्तीचं, ते साठच्या वर नेलं. पुढचं सस्पेन्शन फियाटच्याच आणखी लहान तोपोलिनोचं. सगळी गाडी चारशे किलोच्या आत. सप्टेंबर १९४६ मध्ये तूरिनच्या व्हालेन्तिनो बागेतल्या शर्यतीत खुद्द विख्यात शर्यतपटू तात्सिओ नुव्होलारी ती चालवत होता, वय त्रेपन्न, आणि भर शर्यतीत स्टीअरिंगचं चाक निखळून त्याच्या हातात आलं. त्याने ते उंचावून लोकांना दाखवलं आणि गाडी तशीच पुढे नेली. शर्यत मालक दुसिओनेच जिंकली. पण फोटो कुणाचा आठवतो, ते सांगायला नको.

१०८९ म्हटलं की मुंबईच्या माणसाला वेगळंच काही ऐकू येतं. कुर्ल्याला प्रीमियरने बांधलेली फियाट, पुढची पद्मिनी, तिच्या पोटातही हेच माप: ६८ आणि ७५. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा रस्ता सोडला, तोवर दादरच्या सिग्नलला खोकत उभं राहणारं ते इंजिन नुव्होलारीच्या इंजिनाच्या घराण्यातलं होतं. गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली, मागे तिघं-चौघं, टपावर ट्रंक. हे नातं कळल्यावर मी टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालणं सोडलं, असं म्हणायला आवडलं असतं.

सगळेच फियाटच्या दाराशी गेले असंही नाही. फोर्लीच्या इलारिओ बांदिनीने आपल्या ७५० साठी इंजिनाचा खालचा भाग आणला थेट अमेरिकेतून, क्रॉस्लीचा. रेडिओ आणि फ्रीज विकून नाव कमावलेल्या माणसाची ती छोटी मोटार. बांदिनीने त्यावर ॲल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्टचं स्वतःचं हेड बसवलं. बॉनेट उघडल्यावर जवळून पाहावं: खाली कामचलाऊ, मळकट ओतकाम आणि वर कॅमची दोन लांब झाकणं, शेजारी शेजारी, त्यांवर त्याचं नाव. खालचं तो विसरायला लावत नाही, झाकतही नाही. मला ही गाडी फेरारीहून देखणी वाटते. कुणाला हसायचं तर हसावं.

लहान म्हणून यांची कीव करायचं मात्र कारण नाही. मासेराती बंधूंनी स्वतःच्या नावाची कंपनी आधीच विकून टाकली होती. १९४७ मध्ये तिघांनी बोलोन्याजवळ ओस्का काढली. १९५४ साली फ्लोरिडातल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत मॉस आणि बिल लॉइड यांनी दीड लिटरची ओस्का पहिली आणली. दुपटीहून मोठ्या इंजिनाच्या बहुतेक लान्चिया एकेक करून मोडत गेल्या. ओस्काचे ब्रेकही शेवटी जवळजवळ गेलेले, तर मॉस गाडी आडवी घसरवून वेग कमी करत होता.

तेव्हा पियात्सातले वाद रास्तच. एकदा एका बांदिनीपाशी जुंपली. एक म्हणाला, हा पत्रा मागाहून चढवलेला, फटी चारच्या पाच झाल्यात. दुसऱ्याचं म्हणणं, शर्यतीत आपटली की पत्रा बदलणारच. तो बदलही तिचाच इतिहास. मी दुसऱ्याच्या बाजूचा. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली शर्यतगाडी म्हणजे बहुधा न पळालेली गाडी, आणि आरशासारखी चकचकीत करून आणलेल्यांपाशी मी थांबतच नाही. मालक शांतपणे ऐकत होता. मग त्याने बॉनेट उघडलं. आत हेड बांदिनीचंच, नावासकट. खरं तर वाद तिथे मिटायचा. पण पहिल्याने मान आत घातली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, कार्ब्युरेटर कुठून आणलात?