कुंभारणीचं घर

चि. सानिका,

वर्गात उत्क्रांती शिकवून संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी आत्या दोन्ही डगरींवर हात ठेवते, असं तू लिहिलंस. राग आला नाही. उलट बरं वाटलं, घरात कुणीतरी सरळ विचारलं.

एक वाट आधीच बंद करते. मत्स्य, कूर्म, वराह म्हणजेच डार्विन, असं कुणी कीर्तनात सांगू लागलं की मी अवघडते. उत्क्रांती ही एकामागून एक पायऱ्यांची रांग नव्हेच, तिला फांद्या फुटत जातात. आणि अवतारांना तरी डार्विनचं प्रमाणपत्र कशाला हवं?

त्यापेक्षा तू आसा ग्रे वाच. हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि निष्ठावंत ख्रिस्ती. डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ छापून यायच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर १८५७ मध्ये, त्याने नैसर्गिक निवडीची रूपरेषा ग्रेला पत्रातून कळवली होती. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत, त्याच कल्पनेपाशी स्वतंत्रपणे पोचलेल्या वॉलेसच्या निबंधासोबत त्या पत्रातला भागही वाचला गेला. पुढे अमेरिकेत डार्विनची बाजू लढवली ती ह्याच आस्तिकाने. नैसर्गिक निवड मानली म्हणून ईश्वर नाकारावा लागत नाही, असं मांडणारे त्याचे लेख डार्विनला इतके आवडले की १८६१ मध्ये त्यांची पुस्तिका काढवून त्याने ती ओळखीच्यांत वाटली.

स्वतः डार्विनला मात्र ते पुरतं पटलं नव्हतं. मे १८६० च्या पत्रात तो ग्रेला लिहितो की, जिवंत अळीला आतून खात वाढणाऱ्या इक्न्यूमॉन माश्या एखाद्या दयाळू देवाने मुद्दाम घडवल्या असतील, हे त्याच्या मनाला पटत नाही.

त्या माशीची लांबची भावकी आपल्या भिंतीवर असते, ती कुंभारीण. तिने घर बांधलं की पाळणा हलणार, म्हणून आजी ते पाडू द्यायची नाही. आत काय चालतं? कुंभारीण नांगी मारून अळीला लुळी करते. सहसा मारत नाही, कारण पिल्लाला ताजं अन्न हवं. मग अळी आणि आपलं अंडं आत ठेवून ती घराचं तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी तिथून नवी कुंभारीण बाहेर पडते. आपल्या पूर्वजांनी हे पाहिलं आणि ठरवलं, भृंगीचा, म्हणजे ह्याच कुंभारणीचा, ध्यास घेऊन अळीच भृंगी झाली. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंत हा कीटक आहे; एकनाथांच्या भागवतातून तो थेट आपल्या वारकऱ्यांच्या फडावर आला. गंमत बघ, ज्या तऱ्हेच्या किड्यापाशी डार्विनची श्रद्धा अडली, त्याच तऱ्हेच्या किड्यावर आपण भक्तीचा दृष्टांत उभा केला!

अळी भृंगी होत नाही, खाल्ली जाते. हे मी वर्गात सांगते आणि फडावर कुणी विचारलं तर तिथेही सांगते. दृष्टांत मनाच्या ध्यासाविषयी होता. किड्याचं शास्त्र चुकलं म्हणून ध्यास खोटा ठरत नाही. पण अळीचं दुःख त्याने मिटत नाही, हेही खरं.

ग्रेने मध्यममार्ग काढला होता: जिवांत जे बदल उपजतात त्यांना देवच हिताच्या दिशेने वळवत असेल. डार्विनने १८६८ च्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून गवंडी हवे ते निवडून घर बांधतो. म्हणून काय प्रत्येक दगड त्या घरासाठीच तसा फुटला म्हणायचं? इथे मी डार्विनकडून आहे. प्रत्येक उत्परिवर्तनाला बोट लावणारा देव मला नको. तसा मानला तर सिकलसेलच्या पोराचं दुखणंही त्यानेच नेमून दिलं म्हणावं लागेल. नियम मुळात आहेत, काही नसण्याऐवजी काहीतरी आहे, एवढ्यासाठी मी कर्ता मानते. ह्याला पुरावा नाही, आणि परीक्षेत कुणी हे लिहिलं तर मी गुण देणार नाही.

मग अळीचं काय? ग्रेच्या मध्यममार्गाने माझं समाधान झालं नाही. पण आपल्याकडे देवाला जाब विचारायची सोय आहे. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या, तरी तिचे अभंग आपण टाळ वाजवत म्हणतोच. माझ्या तक्रारींत अळीचीही एक आहे.

१८७९ मध्ये एकाने विचारलं तेव्हा उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असता येतं, असं डार्विनने कळवलं आणि उदाहरण म्हणून ग्रेचं नाव घेतलं. स्वतःला मात्र तो अज्ञेयवादी म्हणवायचा. तू त्याच्या बाजूला राहिलीस तरी चालेल. दिवाळीत येशील तेव्हा भांडू.

तुझी,
आत्या