चार फुटी पलंग

संपादकांचा फोन आला तो पितृपक्षात. आमच्या धंद्यात हे माश्या मारायचे दिवस. घरं बघायला लोक येतात, पण टोकनाचा विषय काढला की 'घटस्थापनेनंतर बघू'. आयत्या वेळी कुणाचा तरी लेख यायचा राहिला असणार, हे माझ्या लक्षात आलं, तरी मी हो म्हटलं. विषय त्यांनीच दिला. त्यांच्या भाचीनं न्यू जर्सीतलं घर विकलं तेव्हा एजंट बाईंनी भाड्याचे सोफे, गालिचे, भिंतीवरची चित्रं असा सगळा संसार आणून मांडला होता म्हणे. आपल्याकडे एजंटानं असं घर सजवावं का, की त्यासाठी व्यावसायिक बोलवावा?

माझं उत्तर एका ओळीचं आहे. एजंटानं घर आवरावं, सजवू नये. सजवायचंच असेल तर त्यातला माणूस बोलवावा आणि त्याचं बिल मालकानं भरावं. पण एका ओळीचं मानधन कुणी देत नाही, शिवाय गेले काही महिने एक प्रकरण डोक्यातून जात नाहीये. तेव्हा सविस्तर लिहिते.

विकायचं घर सजवणं, म्हणजे होम स्टेजिंग, हा प्रकार अमेरिकेतला. 1970च्या दशकात सिअॅटलच्या परिसरात बार्ब श्वार्ट्झ यांनी तो रुजवला, असं मानतात. आज तिथे त्याचा स्वतंत्र धंदा आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही तिथली एजंटांची संघटना. तिच्या 2025च्या पाहणीत, सजवलेल्या घरात गिऱ्हाइकाला आपला संसार डोळ्यांपुढे आणणं सोपं जातं, असं खरेदीदारांच्या 83 टक्के एजंटांनी सांगितलं. व्यावसायिकाकडून करून घेतलं तर साधारण 1,500 डॉलर आणि एजंटानं स्वतः केलं तर 500, असा खर्चही त्यात दिला आहे. हे सगळं एजंटांनीच सांगितलंय, एवढं ध्यानात ठेवा. आपल्या धंद्याबद्दल आम्ही एजंट काय बोलतो ते मला चांगलं माहीत आहे.

तिथे हे परवडतं, कारण तिथला मालक ठरावीक मुदतीसाठी एकाच एजंटाशी लेखी करार करतो. त्या मुदतीत गिऱ्हाईक कुणीही आणलं तरी त्या एजंटाचा वाटा पक्का. आपल्याकडे कोथरूडमधला एकच टू बीएचके पाच एजंटांकडे असतो, पाच वेगवेगळ्या किमतींना. सहावा एजंट म्हणजे वॉचमन. मी पदरचे चाळीस हजार घालून सोफा आणि पडदे आणायचे आणि त्या सोफ्यावर दुसऱ्याच्या पार्टीनं बसून टोकन द्यायचं! हा हिशेब मांडला की 'तुम्ही लोक मेहनत घेत नाही' म्हणणारे जरा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, 'पण दोन टक्के घेताच ना?' नव्वद लाखांच्या घरावर सात टक्के स्टँप ड्युटी म्हणजे सहा लाख तीस हजार. ती मुकाट्यानं भरतात, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो हे शेजाऱ्याला कौतुकानं सांगतात. डोळ्यांवर येतो तो फक्त दलाल.

आता आवरणं. हे काम मला आवडतं आणि ते मला चांगलं जमतं, असं म्हणायला मी लाजत नाही. 1980च्या आसपासचा फ्लॅट डोळ्यांपुढे आणा. मोझॅकच्या फरश्या, कडाप्प्याचा ओटा, बंद केलेली बाल्कनी. माळ्यावर मिक्सर, टीव्ही आणि मुलाच्या पहिल्या कॉम्प्युटरचे रिकामे खोके. फ्रिजवर औषधं. दिवाणखान्यात दिवाण, सोफा-कम-बेड, शोकेस आणि या तिघांमधून वाट काढणारा टीपॉय. यातल्या निम्म्या वस्तू हलवल्या की हॉल दीड पट होतो. चाळीसचे पिवळे बल्ब काढायचे, खिडकीच्या ग्रिलमधल्या वाळलेल्या कुंड्या खाली न्यायच्या. बंद फ्लॅटमध्ये जो वास येतो त्याला लोक 'बंद घराचा वास' म्हणून सोडून देतात. पुष्कळदा तो नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधून येत असतो. ट्रॅपमध्ये पाणी साठून राहावं आणि गटाराचा वायू वर येऊ नये, अशी ती रचना असते. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते पाणी उडून जातं. पार्टी यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतलं की झालं. उदबत्ती लावू नका. उदबत्तीचा वास आला की अनुभवी गिऱ्हाईक सावध होतं.

भिंतीवरचे हार घातलेले फोटो काढा, असं मात्र मी मालकाला कधीच म्हणत नाही. सुनेला सांगते. ती बरोबर करते.

अमेरिकन पाहणीत सर्वांत महत्त्वाची खोली दिवाणखाना ठरते. माझ्याकडची बाई हॉलमधून न थांबता थेट स्वयंपाकघरात जाते, नळ सोडून पाण्याचा जोर बघते आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिन बसेल का ते विचारते. नवरा तोवर पार्किंगची चौकशी करत असतो. उशांचे अभ्रे कुणी बघत नाही.

इथवर आवरणं झालं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. भांडण पुढे सुरू होतं, आणि ते रंगावरून. 'ताई, विकण्याआधी एक हात मारून घ्यावा का?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की मी उत्तराआधी भिंतीजवळ जाते. तळहात लावते, बोटांच्या पेरांनी ठोकते. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. पोपडे असतील आणि त्यावर पांढरा खार आला असेल, तर भिंतीतून पाणी फिरतंय. पाणी सुकतं आणि विटा-सिमेंटमधले क्षार पृष्ठभागावर ठेवून जातं. माझ्या पर्समध्ये ओल मोजायचं दोन पिनांचं छोटं यंत्र असतं. मग ओल आली कुठून ते बघायचं. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून की गच्चीतून? गच्चीची गळती साधारणपणे सोसायटीनं निस्तरायची असते, वरच्याच्या बाथरूमची त्या सभासदानं. हे ठरेपर्यंत दोन पावसाळे जातात, आणि म्हणून मालकाला सोपा मार्ग सुचतो: लांबी भरा, पुट्टी मारा, दोन हात रंग द्या. ऑक्टोबरमध्ये रंग दिलेली भिंत दिवाळीत देखणी दिसते. पुढच्या जुलैत ती सगळं ओकते. तोवर खरेदीखत झालेलं असतं.

यावर आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात, गिऱ्हाइकानं नीट बघून घ्यावं, आपलं काय जातं? मला हे पटत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या 55व्या कलमात विक्रेत्याची जबाबदारी सांगितली आहे. जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. आता नीट बघा. पोपडे आलेली भिंत कुणालाही दिसते. तिच्याबद्दल मालक गप्प बसला तरी 'तुम्हाला दिसत होतं की' म्हणायला जागा असते. त्याच भिंतीवर रंग दिला की दोष दिसेनासा होतो आणि तो सांगण्याचं बंधन मालकाच्या गळ्यात पडतं. म्हणजे रंगाचा डबा उघडल्यानं मालकाची जबाबदारी वाढते! माझ्या ओळखीचे काही वकील यावर 'तुम्ही फार ताणता' म्हणतात. ताणत असेन. पण आता विचार करा, तो रंगारी कुणी पाठवला? एजंटानं. बिल कुणी दिलं? एजंटानं, नंतर दलालीत वळतं करून घेऊ म्हणून. मग भिंतीत काय होतं ते एजंटाला माहीत नव्हतं, हे कोण मानेल? सजावटीत मी हात घालत नाही त्याचं हे पहिलं कारण. ज्याचे पैसे भिंतीवर लागले, तो त्या भिंतीबद्दल खरं बोलत नाही.

बिल्डरांच्या बाबतीत कायदा निदान स्पष्ट झालाय. 2016च्या रेरा कायद्याच्या 12व्या कलमात जाहिरातीबरोबर नमुन्याच्या फ्लॅटचाही उल्लेख आहे. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. सॅम्पल फ्लॅटला आतले दरवाजे का नसतात, हे मी नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम विचारते. दार नसलं की ते उघडायला लागणारी जागा डोळ्यांना जाणवत नाही. भिंतभर आरसे कशासाठी लावतात ते वेगळं सांगायला नको. रिसेलला मात्र ते कलम लागू नाही. तिथे मालक, एजंट आणि तुमचा स्वतःचा टेप.

आता ते प्रकरण. रिकामा टू बीएचके, मालक परदेशी. त्यांनी एका सजावटकाराला बोलावून चांगलं काम करून घेतलं होतं. मी खरेदीदारांच्या बाजूनं होते. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे. छोटी बेडरूम दहा बाय दहा. त्यात पलंग, दोन्ही बाजूंना चिमुकली टेबलं, त्यांवर दिवे, पायथ्याशी मऊ पायपुसणं. बाईंना ती खोली फार आवडली. मी टेप काढला. पलंग चार फूट रुंद होता. डोक्याकडे उशांची रास होती, चादर जमिनीपर्यंत सोडली होती, त्यामुळे तो डबल बेड वाटायचा. त्यांचा घरचा पलंग सहा फुटी. मी त्यांना बोलून दाखवलं: खोली एकशे वीस इंच, पलंग बहात्तर, कपाट चोवीस, उरले चोवीस. म्हणजे पलंग भिंतीला चिकटवला तर कपाटासमोर दोन फूट. दार उघडलं की उभं राहायचं कुठे? नवऱ्यानं ते मोबाईलवर लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, 'होईल हो काहीतरी.' टोकन त्याच संध्याकाळी दिलं.

राहायला गेल्यावर त्यांचा फोन आला. कपाटाचं दार पलंगाला अडतंय, आणि 'मॅडम, तुम्ही ठामपणे सांगायला हवं होतं'. मी सांगितलं होतं, आकड्यांसकट. सजावटकारही खोटं काही बोलला नव्हता. चार फुटी पलंग बाजारात मिळतो आणि त्यावर माणसं झोपतात. मालक तर हजारो मैलांवर. यात कायदा कुणाला पकडणार? कुणालाच नाही. तरी त्या खोलीनं त्या बाईंना काहीतरी सांगितलं होतं, जे माझ्या टेपला खोडता आलं नाही. एवढी वर्षं मी धरून चालले होते की माप दिलं की आपलं काम झालं. आता तशी खात्री वाटत नाही, आणि दुसरं काय करायचं तेही कळत नाही. 'घेऊ नका' म्हणायचा हक्क मला आहे का? आणि म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं?

रिकाम्या घराला सजावटीचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. सामान नसलेली खोली लोकांना असते त्याहून लहान वाटते, आणि फोटोत तर ती फारच भकास येते. हल्ली काही जण रिकाम्या खोलीच्या फोटोत कॉम्प्युटरवरच सोफा बसवतात. त्याचं माप घ्यायचीही सोय नाही. त्यापेक्षा खरा सोफा बरा. म्हणून मालक विचारतात तेव्हा मी चांगल्या सजावटकारांची नावं देते, त्यांच्याकडून कमिशन घेत नाही, आणि दोन अटी घालते. भिंतीला हात लावायचा नाही, आणि पलंग सहा फुटीच आणायचा. त्यापलीकडे सोफे, दिवे, झाडं, काय हवं ते त्यांनी करावं. त्यांची नजर त्यात माझ्यापेक्षा तयार आहे.

आता मी प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवते. लांबी, रुंदी, खिडकीची जागा, आणि सहा फुटी पलंग व दोन फुटी कपाट ठेवल्यावर उरणारी जागा इंचांत. सजावटकार कुरकुरतात, म्हणतात सगळा लूक जातो. परवा एकीनं तो कागद काढून ड्रॉवरमध्ये घातला. मी तो परत लावला. फोटो काढताना काढा, म्हटलं, पण पार्टी यायच्या आधी जागेवर हवा. त्या घराच्या मालकांचं यावर अजून उत्तर आलेलं नाही. ते त्यांच्या बायकोला विचारून सांगणार आहेत.