काचेआडची सनई



कोणतीही वस्तू हातात आली की ती कशाची केलीय, हे आधी बघायची माझी सवय. पर्स चामड्याची नाही ना, गोळीची कॅप्सूल जिलेटिनची नाही ना. मंदिराच्या पायरीवर नातवाचा पट्टा काढून ठेवायला लावणारी मीच. घरचे हसतात, पण सवय जात नाही.

दिवाळीनंतर हिंगोलीहून पुण्याला मुलीकडे गेले होते. नात म्हणाली, "आजी, केळकर संग्रहालय बघू." दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणी गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मृतीसाठी हे संग्रहालय उभं केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू! आपल्या अपरिग्रहाच्या मनाला आधी दडपणच आलं. पण अडकित्ते, दिवे, पळ्या बघता बघता वाटलं, हा साठा स्वतःच्या उपभोगासाठी नव्हताच.

वाद्यांच्या दालनात मी सनईपाशी थांबले. सवयीप्रमाणे तपासलं. नळी लाकडाची, खाली पसरट तोंड पितळेचं, वर फुंकायची दुहेरी पत्ती, ती बोरूसारख्या गवताची. चामडं कुठेच नाही. मनात म्हटलं, निर्दोष वस्तू आहे.

नातीने मोबाईलवर तिची विलायती बहीण दाखवली. तिचं नाव ओबो. आपल्याकडे बाजीराव पेशव्यांचा काळ चालू होता, तेव्हा युरोपात ती दरबारात वाजत होती. तीही दुहेरी पत्तीवर वाजणारी, फक्त तीन तुकडे जोडून केलेली आणि दोन-तीन चाव्यांची. बहुतेक ओबो लाकडाच्या, पण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मिलानच्या अंचुती नावाच्या कारागिराची एक आहे, ती हस्तिदंताची. कोरीव काम इतकं सुरेख, की बघतच राहावं. आणि मला मात्र त्यात हत्ती दिसला. सूर लाकडातूनही निघत होता, मग हत्ती कशाला? श्रीमंतांना मिरवायला, एवढंच.

"आजी, ही सनई कुणी वाजवत का नाही?" नातीने विचारलं. तिथल्या एका जाणत्या गृहस्थांनी समजावलं. जुनं लाकूड कोरडं झालेलं असतं. फुंकर मारली की श्वासाची ओल आतून लागते, आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं तसंच राहतं आणि तडा जातो. म्हणून जुनी वाद्यं जपायची तर मुकीच ठेवावी लागतात.

तिथे माझा जीव चरकला. कारण एक सनई मीही मुकी केलीय.

मी बी.कॉम., म्हणून महावीर जयंतीच्या मिरवणुकीचा हिशेब वर्षानुवर्षं माझ्याकडे. पूर्वी पालखीपुढे आमच्या गल्लीतले सनईवाले काका असायचे. सहा वर्षांपूर्वी डीजे ठरला, खर्च वाढला. कुठेतरी काटायचं म्हणून मी सनईच्या अडीच हजारांवर लाल रेघ मारली. कुणी विचारलंही नाही. काकांनीही नाही. मी मात्र त्या वर्षी पैसा वाचवल्याचं कौतुक घेतलं होतं.

हत्तीसाठी हळहळणारी मी! एका माणसाचा श्वास, त्याची कला, त्याचं वर्षातलं एक मानाचं काम, हे माझ्या वहीत कुठल्या खात्यात होतं? डीजेच्या भिंतीपुढे म्हातारी माणसं कानांवर हात ठेवून घरात जातात, ते तरी मी कुठे लिहिलं होतं?

हिंगोलीला परतल्यावर काकांकडे गेले. माफी मागायला शब्द जुळेनात, म्हणून सरळ विचारलं, "सनई आहे का अजून?" त्यांनी पेटीतून कापडात गुंडाळलेली काढली. उजेडात धरून आरपार पाहिली, बोटं भोकांवरून फिरवली.

"लाकूड चांगलं आहे, वहिनी. पत्ती तेवढी नवी करावी लागेल. आणि माझा दम बघावा लागेल."

पुढच्या बैठकीत ती ओळ मी पुन्हा मांडणार आहे, वाढीव रकमेसह. मंजूर होईलच असं नाही. पण यावेळी रेघ मारायची असेल, तर ती दुसऱ्या कुणीतरी मारावी.

तुमच्या गावी पालखीपुढे कोण वाजवतं? एकदा चौकशी करा.