सँटोरिनी: 18,000 वर्षांची शांतता, शेवटची 100 वर्षे

पिरेयस बंदरातून सुटलेली बोट एजियन समुद्रातली बेटे मागे टाकत सँटोरिनीला पोहोचते, ती उत्तरेकडच्या सामुद्रधुनीतून थेट बेटाच्या पोटात शिरते. डाव्या हाताला इया गाव, उजवीकडे थिरासिया बेट, आणि समोर सुमारे 11 किलोमीटर लांब व 7 किलोमीटर रुंद असा पाण्याने भरलेला खड्डा. याला भूशास्त्रात कॅल्डेरा म्हणतात. भोवतालचे कडे पाण्यावर 300 मीटरपर्यंत उभे आहेत आणि खड्ड्याचा तळ पाण्याखाली जवळपास 390 मीटरवर आहे. प्रवाशांची नजर साहजिकच कड्याच्या माथ्यावरच्या पांढऱ्या घरांकडे जाते. पण बोट अथिनिओसच्या धक्क्याला लागेपर्यंत नजर घरांच्या खाली, काळ्या, तांबड्या आणि करड्या थरांवर ठेवावी, कारण या बेटाविषयी सर्रास सांगितली जाणारी कथा तिथे तपासता येते. कथा अशी: जमिनीखालची शिलारसाची एक प्रचंड कोठी हजारो वर्षे भरत राहिली, इ.स.पू. 1600 च्या आसपास ती फुटली, आणि बेटाचा मधला भाग उडून गेला. या कथेतला उद्रेक खरा आहे. कोठीचे संथ भरणे आणि बेटाचे उडून जाणे या दोन्ही गोष्टी मात्र पुराव्यापुढे टिकत नाहीत, असे माझे मत आहे.

आधी उडून जाण्याचे पाहू. 1866 मध्ये या खड्ड्याच्या मध्यावर, निआ कामेनी बेटावर, नवा उद्रेक सुरू झाला आणि तो पाहायला फर्डिनांड फूके हा फ्रेंच भूवैज्ञानिक इथे आला. त्याच सुमारास सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी इथली ज्वालामुखीय राख खणून नेली जात होती, आणि त्या खाणींत थिरासियावर प्रागैतिहासिक घरांचे अवशेष उघडे पडले. फूकेने ते अवशेष अभ्यासले, थर मोजले आणि 1879 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मधला डोंगर स्फोटात उडाला नाही, तो खाली खचला, असे त्याने त्यात मांडले. डोंगर उडाला असता तर त्याच्या जुन्या दगडांचे तुकडे आसपास तेवढ्याच प्रमाणात सापडायला हवे होते. सापडतो तो बहुतांश प्यूमिस आणि राख, म्हणजे खोलवरून नव्याने वर आलेला शिलारसच. खालचा आधार बाहेर ओतला गेला आणि वरचे छप्पर बसले. शिवाय हा खड्डा एका दिवसाचे काम नाही. गेल्या 3,60,000 वर्षांत इथे डझनभर मोठे स्फोटक उद्रेक झाले, बेट वारंवार खचले आणि पुन्हा लाव्हाने उभे राहिले. इमेरोविग्ली गावाजवळचा स्कारोसचा सुळका अशाच एका जुन्या ज्वालामुखीचा उरलेला तुकडा आहे. इ.स.पू. 1600 च्या राखेत उथळ पाण्यात वाढणाऱ्या स्ट्रोमॅटोलाइटचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे त्या उद्रेकाआधीच इथे समुद्राने भरलेला एक खड्डा होता; उद्रेकाने तो खोल आणि रुंद केला.

आता कोठीचे भरणे. इ.स.पू. 1600 च्या उद्रेकाआधीचा मोठा उद्रेक सुमारे 22,000 वर्षांपूर्वीचा. दोहोंत 18,000 वर्षांची शांतता. एवढ्या अवधीत शिलारस थेंबाथेंबाने साठत गेला आणि शेवटी मावेनासा झाला, हे सहज पटते. पण प्यूमिसमध्ये अडकलेले प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक वेगळी साक्ष देतात. शिलारसात वाढताना या स्फटिकावर एकावर एक वेढे चढतात आणि प्रत्येक वेढ्यात त्या वेळच्या द्रवाचे रसायन उतरते. इथल्या स्फटिकांचा गाभा एका प्रकारच्या शिलारसात तयार झालेला आहे आणि बाहेरचा वेढा दुसऱ्याच. दोहोंच्या सीमेवर मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम ही मूलद्रव्ये हळूहळू एकमेकांत झिरपू लागतात. तापमान साडेआठशे अंश सेल्सिअसच्या घरात असताना ही झिरपण किती वेगाने होते हे प्रयोगशाळेत मोजलेले आहे, म्हणून सीमा किती पुसट झाली यावरून स्फटिक त्या उष्णतेत किती काळ होता हे काढता येते. ज्वालामुखीतज्ज्ञ टिम ड्रुइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हा हिशेब प्रसिद्ध केला. सीमा अजून ठसठशीत होत्या. उत्तर निघाले दशकांचे, काही स्फटिकांसाठी तर महिन्यांचे. 18,000 वर्षांच्या शांततेनंतर, उद्रेकाआधीच्या शेवटच्या शतकात, कित्येक घन किलोमीटर नवा शिलारस उथळ कोठीत येऊन मिसळला होता. तो येण्याचा वेग वर्षाला 0.05 घन किलोमीटरपेक्षा, म्हणजे पाच कोटी घनमीटरपेक्षा जास्त होता. या ज्वालामुखीच्या दीर्घकालीन सरासरी वेगाच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की तापमानाच्या अंदाजात चूक असेल तर सगळा हिशेब कोलमडेल. तापमान पन्नास अंशांनी कमी धरले तर काळ काही पटींनी वाढतो, हे खरे. पण शंभराची काही शतके झाली तरी ती 18,000 वर्षांच्या जवळपासही जात नाहीत. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: स्फटिक फक्त स्वतःचा शेवटचा टप्पा सांगतो, त्याआधीचा शिलारस हजारो वर्षे खाली असू शकत नाही का? नक्कीच असू शकतो, आणि बहुधा होताही. आज अनेक भूवैज्ञानिक मानतात की अशा ज्वालामुखीखाली द्रवाने भरलेले तळे नसते. ओल्या वाळूसारखा, स्फटिकांच्या फटींत थोडा द्रव धरून राहिलेला जाड थर असतो. तो हजारो वर्षे टिकतो, पण घट्ट असल्यामुळे त्याचा उद्रेक होऊ शकत नाही. त्यातून द्रव वेगळा होऊन वर जमला, त्याला खालून आलेल्या तप्त शिलारसाची जोड मिळाली, की उद्रेकाजोगा साठा तयार होतो. म्हणून कच्चा माल जुना आणि साठा ताजा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. लोकांच्या जिवाशी संबंध आहे तो साठ्याच्या वयाचा.

हा साठा इतका स्फोटक का होता, हे समजायला महाराष्ट्रातल्या वाचकाला सह्याद्री आठवणे पुरेसे आहे. दख्खनचा बेसॉल्ट पातळ होता, त्यात सिलिकाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास. त्यातला वायू बहुतांश सुटून गेला आणि लाव्हा शांतपणे दूरवर पसरत गेला. सँटोरिनीच्या त्या शिलारसात सिलिका सुमारे 70 टक्के होती. इतक्या चिकट द्रवात विरघळलेल्या पाण्याची वाफ होते तेव्हा तिला वाट मिळत नाही, आणि द्रवाचाच फेस होऊन तो फुटतो. अलीकडच्या मोजणीनुसार त्या उद्रेकात सुमारे 35 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला.

बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी आहे. पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी 1967 मध्ये इथे उत्खनन सुरू केले आणि राखेखालून दुमजली-तिमजली घरांचे, भित्तिचित्रांचे, सांडपाण्याच्या नाल्यांचे शहर बाहेर आले. या उद्रेकाने क्रीटची मिनोअन संस्कृती बुडाली, हा मारिनातोस यांचा 1939 चा सिद्धान्त आज त्या रूपात टिकलेला नाही, कारण क्रीटच्या राजवाड्यांचा विध्वंस उद्रेकानंतर बऱ्याच काळाने झाला. माझ्या मुद्द्यासाठी त्या शहरातली एक गोष्ट जास्त मोलाची वाटते: उत्खनन झालेल्या भागात माणसांचे सांगाडे मिळालेले नाहीत. आधी भूकंप झाला, पडक्या भिंतींचा राडारोडा लोकांनी रस्त्यांत बाजूला लावला, पलंग बाहेर काढून ठेवले, मग राखेचा पातळ थर पडला, आणि लोक निघून गेले. स्फटिकांनी सांगितलेले शेवटचे महिने आणि या रस्त्यांवर दिसणारी ती धावपळ एकमेकांशी जुळतात. जमिनीखालची हालचाल वर जाणवली होती, आणि तिथल्या लोकांनी ती ओळखली.

मग आजच्या हालचालींचे काय? निआ कामेनीच्या काळ्या, टोकदार लाव्हावर उभे राहिले की हा प्रश्न टाळता येत नाही. तिथला शेवटचा उद्रेक 1950 सालचा. 2011 च्या सुरुवातीपासून 2012 च्या वसंतापर्यंत कॅल्डेराच्या उत्तर भागाची जमीन फुगली, सुमारे चार किलोमीटर खोलीवर एक ते दोन कोटी घनमीटर शिलारस आला, आणि सगळे शांत झाले. 2025 च्या आरंभी सँटोरिनी आणि अमोर्गोस बेटाच्या मध्ये हजारो भूकंप झाले, अकरा हजारांवर लोक बेट सोडून गेले, आणि शिलारस समुद्रतळाखाली आडवा सरकत जाऊन थांबला. शिलारस वेगाने येणे हेच धोक्याचे लक्षण असेल, तर या दोन्ही वेळी उद्रेक का झाला नाही, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रमाणात आहे. वर्षभरात एक-दोन कोटी घनमीटर येणे वेगळे, आणि वर्षाला पाच कोटींहून अधिक अशी आवक दशकानुदशके चालणे वेगळे. वेगवान आवक मोठ्या उद्रेकाला आवश्यक आहे, पण एकटी पुरेशी नाही. वर निघालेला बराचसा शिलारस वाटेतच गोठतो. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की ज्वालामुखी किती वर्षे गप्प आहे हा आकडा धोक्याचा अंदाज बांधायला जवळजवळ निरुपयोगी आहे. जमीन किती वेगाने फुगते आहे आणि ते फुगणे किती काळ टिकते, हे सतत मोजत राहणे हीच खरी पूर्वसूचना. सँटोरिनीवर ती उपकरणे आहेत. जगातल्या कित्येक कॅल्डेरांवर आजही पुरेशी नाहीत, आणि तिथे शंभर वर्षांची सूचनाही कोणाच्या लक्षात न येता निघून जाऊ शकते.

सँटोरिनीला जाणार असाल तर इयाच्या सूर्यास्तासाठी राखलेल्या संध्याकाळमधून एक तास काढा आणि फिरा या मुख्य गावाच्या दक्षिणेला जुन्या खाणींची उघडी भिंत पाहा. तळाशी पावसासारखा पडलेला प्यूमिस, त्यावर समुद्राचे पाणी विवरात शिरल्यानंतरचे पट्टेदार थर, आणि सर्वांत वर मोठमोठे दगड वाहून आणणारी जाड राख, अशा क्रमाने तो सगळा उद्रेक तिथे उभा वाचता येतो.