चौघांचा गांधार

चौघांनी मिळून गाणं म्हणजे एकट्याने गायची हिंमत नसणं, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. आरती, प्रार्थना, समरगीत इथपर्यंत समूह ठीक. बाकी गाणं एकाचंच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवर कान तयार झालेल्या घरात दुसरं मत होणं कठीणच. स्वर लावणारा एक, ऐकणारे बाकीचे.

या मताला एक तात्त्विक अस्तर होतं, आणि ते जरा अभिमानाने सांगण्यासारखं होतं. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार आपोआप उमटतो, त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. षड्ज २२० हर्ट्झवर धरला तर हा गांधार, मध्य सप्तकात आणून मोजला की, नेमका २७५ वर येतो. पेटीचा येतो २७७ च्या किंचित वर. फरक एका अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा, पण षड्ज आणि पेटीचा गांधार एकत्र वाजले की वरच्या स्वरांशांमध्ये सेकंदाला जवळजवळ नऊ ठोके पडतात आणि कानाला थरथर जाणवते. बारा पट्ट्या समान अंतरावर बसवायच्या तर गांधाराला वर सरकावंच लागतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी आणि खुद्द खाँसाहेब यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींच्या मोजमापाचा आणि श्रुती-पेटीचा जो खटाटोप केला, त्याच्या मुळाशी हीच अस्वस्थता होती. पाश्चात्त्यांची हार्मनी म्हणजे पियानोच्या पट्ट्यांवरचं गाणं, सबब तिचा गांधार बिघडलेला, सबब तिच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. हे प्रकरण मी असं निकालात काढलं होतं.

ते पुन्हा उघडलं माझ्या भाचीने. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी जॅझ आणि पॉपची गाणी चार आवाजांत बसवतात. एका सुट्टीत त्यांचा सराव आमच्या दिवाणखान्यात चालला होता. एक जागा काही केल्या बसेना. "मामा, तुझा कान चांगला आहे ना, कोण बेसूर होतंय ते सांग की," असं म्हणून तिने मला पुस्तकातून उठवलं. मी ऐकलं. बेसूर कुणीच नव्हतं, प्रत्येकीचा स्वर पेटीशी बरोबर जुळत होता, आणि तरीही चारही मिळून काहीतरी कचकचत होतं. मी वैतागून म्हणालो, आधी ती पेटी बंद करा. पेटी बंद झाली. दुसऱ्यांदा म्हणताना गांधारावरची मुलगी नकळत खाली आली, अगदी केसभर, आणि चार आवाजांच्या वर एक पाचवा आवाज उभा राहिला. तो कुणीच गात नव्हतं. तंबोऱ्याचा गांधार ज्या जागेतून येतो, तिथूनच तो आला होता.

मी काही बोललो नाही. रात्री मात्र तिच्याकडून गाण्यांची यादी मागून घेतली.

त्या पाचव्या आवाजाच्या मागे अमेरिकेतले बार्बरशॉप चौकडीवाले वेड्यासारखे लागलेले असतात, हे तेव्हा कळलं. स्वरसंगती कंप सोडून स्थिर झाली की ती 'वाजते' असं ते म्हणतात. त्यासाठी आवाज खडा लावायचा, थरथर अजिबात चालत नाही. खड्या सुराचा आग्रह ही आपली मिरासदारी नाही, ही पहिली ठेच. दुसरी मोठी होती. कोमल निषाद ते षड्जाच्या पावणेदोन पटीवर लावू बघतात. ही जागा पेटीच्या कोमल निषादापेक्षा अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने खाली आहे. आमच्या बावीस श्रुतींच्या कोष्टकात ती कुठेच बसत नाही. आपल्याकडे श्रुती बावीस आणि त्यांच्याकडे स्वर जेमतेम बारा, हे वाक्य मी किती मैफलींच्या मध्यंतरात चहाबरोबर वाटलं असेल!

या बार्बरशॉपचं चित्र म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची बंडी घातलेले चार गोरे मिशाळ गृहस्थ. चित्र खोटं आहे. हा गाण्याचा प्रकार घडवण्यात कृष्णवर्णीय वस्त्यांचा वाटा फार मोठा. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर लहानगा लुई आर्मस्ट्राँग अशाच चौकडीत गात असे. १९३८ साली टल्सा गावी या गाण्याचं जतन करायला संस्था निघाली आणि तिचं दार कृष्णवर्णीयांना १९६३ पर्यंत बंद राहिलं. ज्यांचं गाणं जतन करायचं त्यांनाच बाहेर ठेवायचं, ही तऱ्हा आपल्याला अपरिचित नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

मिल्स ब्रदर्स त्या मूळ परंपरेतले. ओहायोतल्या पिक्वा गावचे हे चार भाऊ, वडील व्यवसायाने न्हावी आणि स्वतः चौकडीत गाणारे. १९३० च्या दशकात त्यांच्या तबकड्यांवर चक्क खुलासा छापलेला असे की एका गिटारखेरीज यात कोणतंही वाद्य नाही. तोंडाने ट्रम्पेट, तोंडाने ट्यूबा. मला यातली नक्कल फारशी भावत नाही, पण नक्कल संपून गाणं सुरू होतं तिथे ते चार आवाज असे एकमेकांत मिसळतात की वेगळे काढता येत नाहीत. १९३६ मध्ये खालचा स्वर सांभाळणारा थोरला भाऊ वारला. त्याच्या जागी वडील उभे राहिले आणि पुढे कित्येक वर्षं गायले. ती जागा घरातल्याच माणसाने भरावी, याला भावनेइतकंच ध्वनीचंही कारण आहे. आवाज मिसळायचे तर स्वर जुळून भागत नाही, तोंडाची ठेवण आणि स्वरोच्चार जुळावे लागतात, कारण 'आ' बदलला की स्वरांशांचा जोर बदलतो. आपल्याकडे किराणा आणि जयपूर घराण्याचे दोन बुजुर्ग शेजारी बसवून एकच षड्ज लावायला सांगितला, तर दोघांचा 'आ' दोन दिशांना जाईल. भावंडांचा मात्र एकाच स्वयंपाकघरात घडलेला असतो.

बॉस्वेल सिस्टर्सबद्दल मी पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो. मार्था, कॉनी आणि व्हेट या न्यू ऑर्लिन्सच्या तीन बहिणी. लहानपणी पियानो, चेलो आणि व्हायोलिन अशी रीतसर तालीम झालेली. कान मात्र शहरात सगळीकडे वाजणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या संगीतावर पोसलेला. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेल्या त्यांच्या तबकड्या तीन तीन मिनिटांच्या आहेत आणि त्या तीन मिनिटांत लय दोनदा बदलते, मेजरचं मायनर होतं, मूळ चाल ओळखीपलीकडे जाते, आणि तिघी मिळून एकाच गळ्याने श्वास घ्यावा तशा वळणावर पोचतात. लहानपणापासून अपंग असलेली कॉनी बसून गात असे. गायिका एला फिट्झजेराल्डने पुढे तिचं ऋण उघडपणे मान्य केलं. हे ऐकताना पहिल्यांदा मला वाटलं की 'एकट्याने गायची हिंमत' हे माप इथे लावताच येत नाही. कॉनी एकटी उत्तम गातच होती. बहिणींबरोबर ती जे गायची ते एकटीला शक्य नव्हतं, एवढंच.

मग फोर फ्रेशमेन आले. इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठात १९४८ साली जमलेली पोरं: दोन भाऊ, त्यांचा एक नातेवाईक आणि एक मित्र. चार आवाजांत पाच स्वरांचा भास निर्माण करायची त्यांची युक्ती जॅझ वाद्यवृंदवाल्या स्टॅन केंटनच्या ट्रॉम्बोनांच्या ताफ्यावरून उचललेली. कॅलिफोर्नियात ब्रायन विल्सन नावाचा एक मुलगा, उजव्या कानाने जवळपास बहिरा, त्यांच्या रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून एकेक आवाज सुटा करत बसे आणि घरच्यांना शिकवत असे. बीच बॉईजच्या गाण्यांतली ती सुप्रसिद्ध मऊ दुलई तिथून आली. मुलाने एका कानाने चार आवाज वेगळे काढले हे वाचल्यावर, माझ्या दोन तयार कानांबद्दल मी बरेच दिवस काही बोललो नाही.

पण माझं मत खरं बदललं ते या कुणाच्या मोहकपणामुळे नव्हे. गणितामुळे. आपल्या गाण्यात तंबोरा आहे, षड्ज अढळ आहे. सगळी श्रुतिशुद्धता त्या एका खुंटीला बांधलेली. या लोकांकडे खुंटीच नाही. संगती बदलली की आधार बदलतो. आत्ता जो स्वर गांधार म्हणून किंचित खाली लावायचा, तोच पुढच्या क्षणी दुसऱ्या कुणाचा पंचम ठरतो आणि वर उचलावा लागतो. आपल्याकडे एखादा गायक मध्येच षड्जचालन करून दाखवतो आणि सभागृह वाहवा करतं. हे लोक प्रत्येक मात्रेला करतात, आणि चौघं एकाच वेळी. त्यात जॅझच्या संगतीत सा, ग, प बरोबर रिषभ आणि धैवतही येऊन बसतात. धैवत षड्जाशी शुद्ध जुळवला तर रिषभाशी बिघडतो. रिषभाशी जुळवला तर षड्ज कुरकुरतो. आपल्याकडे त्रिश्रुती धैवत आणि चतुःश्रुती धैवत म्हणून ज्यावर ग्रंथ लिहिले गेले, तोच पेच. कुणीतरी माघार घ्यायची, कुणी ते आयत्या वेळी ऐकून ठरवायचं. आणि प्रत्येक वेळी शुद्धच लावत गेलं तर गाणं संपेपर्यंत सगळा संच मूळ पट्टीवरून घसरलेला सापडू शकतो. हे सगळं सांभाळून वर गाणं सहज वाटलं पाहिजे.

मला वाटलं होतं, चौघं असली की एकाची चूक झाकली जाते. चौघांत एकाची चूक चौघांना भोवते.

म्हणून सगळंच आवडायला लागलं, असं मात्र नाही. हाय-लोज हा पन्नासच्या दशकातला संच अफाट तयारीचा, पण मला ते तयारी दाखवायलाच आलेले वाटतात. त्यांचीच आवाज-रचना करणारा जीन प्युअरलिंग पुढे सिंगर्स अनलिमिटेड घेऊन आला. शिकागोत जाहिरातींची गाणी गाणारी चार माणसं, त्यातला खालच्या आवाजाचा लेन ड्रेसलर तर डबाबंद भाज्यांच्या जाहिरातीतल्या हिरव्या राक्षसाचं 'हो हो हो' करणारा. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या एका स्टुडिओत या चौघांनी आवाजावर आवाज चढवत वीसहून जास्त आवाजांच्या संगती उभ्या केल्या. काय सुंदर ऐकू येतं ते! पण तिथे चौघांतली बॉनी हर्मन स्वतःच्याच आधी टिपलेल्या आवाजाशी जुळवून घेते आहे. समोरचा आवाज आता माघार घेऊ शकत नाही. माझ्या हिशेबी हा वेगळा खेळ झाला. भाचीला हे पटत नाही, तिच्या मते तो संच सगळ्यांत वरचा.

यमनाखाली कुणी हार्मनीची चळत रचली की मी अजूनही उठून जातो. रागाला आधार एकच लागतो आणि तो तंबोरा पुरवतो. पण गोव्याच्या मांडोमध्ये दोन आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने हातात हात घालून चालतात, ते मी कोकणी थोडीबहुत कळत असूनही इतकी वर्षं नुसतं 'गोड' म्हणून सोडून दिलं होतं. आता तो खालचा आवाज काय करतो आहे ते ऐकतो.

तक्रार उरली आहे ती आजच्या रेकॉर्डिंगांबद्दल. चार पोरं उत्तम गातात, गांधार आपसूक खाली बसतो, आणि नंतर संगणकावर कुणीतरी तो 'दुरुस्त' करून पुन्हा बारा पट्ट्यांच्या जाळीत नेऊन ठेवतो. भाचीच्या संचाने पहिलं गाणं मुद्रित केलं तेव्हा मी पदरचे पैसे घालून एवढीच अट घातली की गांधाराला कुणी हात लावायचा नाही. तिथला पोरगा म्हणाला, "काका, थोडा फ्लॅट वाटतोय." मी म्हटलं, वाटू दे.