अंजिराचे अभ्यंग

दिवाळीत पहाटे उठून अंगाला तेल चोळून घेण्याचा मान घरच्या माणसांचा. आमच्या खराडीत तो आणखी एका थोराला मिळतो. फरक इतकाच की, त्याला पाटावर बसवता येत नाही आणि त्याच्याभोवती रांगोळी काढायला मोटारी जागा ठेवीत नाहीत.

हा थोर म्हणजे सोसायटीच्या कोपऱ्यातले अंजिराचे जुने झाड. आज इथे काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यापूर्वी आमचे रान होते. रान गेले, विहीर बुजली, मोटेचे थारोळेही गेले. वडिलांनी दिवेघाट चढून पुरंदरातून आणलेला एक फाटा थारोळ्यापाशी रोवला होता, तेवढा झाड होऊन उरला. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती बातमी मी त्या झाडाखाली उभा राहून मोठ्याने वाचली. झाडाने काही दाद दिली नाही.

अंजीर वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातले. त्यांची पवित्रता मात्र त्याला लाभली नाही. वडावर कुऱ्हाड चालवताना माणूस दहांदा विचार करतो. अंजिराच्या बाबतीत एका सभेत काम भागते.

तशी सभा भरली. खोडाफांद्यांना खवले कीड लागली होती. ही कीड तपकिरी ढालीखाली एका जागी बसून रस शोषते आणि पाहणाऱ्याला सालीचाच खवला वाटते. तिच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खालच्या मोटारींवर पडे. पानांवर सांडलेल्या चिकट्याला मुंग्या लागत आणि वर काजळीसारखी काळी बुरशी धरे. कोणी म्हणाले, तोडा. कोणी म्हणाले, जालीम विष फवारा. झाडाखाली पोरे खेळतात, हे दोघांच्याही ध्यानात नव्हते. मी एका वर्षाची मुदत मागून घेतली.

उपाय जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले बागाईतदार रॉकेल आणि साबणाचे पाणी घुसळून फळझाडांवर मारीत. आज त्या जागी शुद्ध केलेले पातळ खनिज तेल मिळते. ते किडीचा श्वास कोंडते. किडीला नाक नसते. तिच्या अंगावर बारीक छिद्रे असतात. त्यांवर तेलाचा पापुद्रा बसला की संपले. तेल सुकले की त्याचा जोरही ओसरतो. उद्या फांदीवर येऊन बसणाऱ्या पाखराला त्याचे भय नाही.

मात्र त्यासाठी झाड निजलेले हवे. थंड मुलुखात अंजीर हिवाळ्यात आपणहून पाने टाकून झोपी जाते. आपल्याकडे त्याला झोपवावे लागते. पुरंदरचे बागाईतदार मीठा बहार धरताना पाऊस सरला की पाणी तोडून झाडाला ताण देतात. पाने गळतात, मग छाटणी, मग खतपाणी. आणि उन्हाळ्यात फळ हाती येते. आमच्या झाडाचे खरे दुखणे इथेच होते. सोसायटीच्या हिरवळीबरोबर त्यालाही बारा महिने पाणी मिळे. ते कधी झोपलेच नव्हते! वर पाने गच्च, आत कीड निर्धास्त.

गेल्या वर्षी पाणी बंद करायला सांगितले, तेव्हा माळी हळहळला, "काका, झाड मरंल की!" झाड मेले नाही, पाने गाळून उघडे झाले. तहानलेल्या झाडाला तेल बाधते, म्हणून छाटणीनंतर आधी पाणी दिले आणि डोळे फुटण्यापूर्वीचे चार दिवस साधले. लिटरभर पाण्याला २० मिलिलिटर तेल. पंप सारखा हलवीत राहायचे, नाहीतर तेल वर तरंगते. पारा ३२ अंशांपुढे गेला की तेलाने झाड भाजते, आणि ऑक्टोबरच्या दुपारचा भरवसा नाही; म्हणून पहाटेच फवारले. गंधक मारलेले असेल, तर दोन-तीन आठवडे तेलाचे नाव काढायचे नाही. फांद्यांच्या खालच्या बाजू, बेचके, सालीच्या भेगा, सारे भिजले पाहिजे. जिथे तेल लागत नाही, तिथली कीड जगते.

दिवाळीनंतर खवले नखाने खरवडले, तर कोरडे होऊन निघू लागले. मोटारींवरचा चिकटा थांबला. तेलाने सगळेच साधले असे नाही. पानांवर तांबेरा यायचा तो आलाच; आणि खोड पोखरत आत शिरलेल्या किड्यापर्यंत तेल पोचत नाही. मार्च-एप्रिलमध्ये फळे पिकली ती मोजकी, त्यांतली निम्मी बुलबुलांनी नेली. उरलेली मी बशीत घालून सभेपुढे ठेवली. तोडण्याचा ठराव पुढच्या वर्षावर गेला.

यंदाही पाणी तोडले आहे. समोरच्या इमारतींत रात्रभर दिवे जळतात. माणसे अमेरिकेच्या घड्याळावर जागतात. त्या उजेडात हे एक झाड पाने गाळून निजले आहे. परवा शेजारचा एक तरुण पहाटे घरी परतत होता. झाड पाहून थबकला, म्हणाला, "काका, हे वाळलं का?"

"नाही रे," मी म्हटले, "विश्रांती घेतंय."

तो क्षणभर झाडाकडे पाहत राहिला, आणि जांभई देत जिना चढून गेला.